खोकं नवं, चिप जुनी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण माझ्याकडे तो घरातूनच आला. माझा भाचा धुळ्याला लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं काम करतो. तुळशीचं लग्न लागलं की त्याला जेवायला फुरसत नसते. दिवसा हळद, लग्न, वरात शूट करायची आणि रात्री संगणकावर बसून सगळं जुळवायचं. गेल्या हंगामात संगणक फारच अडकायला लागला, म्हणून त्यानं साठवलेल्या पैशांतून नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘४ जीबी’. महिनाभरानं जळगावला आला तो कार्ड पिशवीत घालूनच. म्हणाला, “मामा, माझ्या मित्राकडे दोन जीबीचं सेकंडहँड कार्ड आहे, तरी त्याचं काम माझ्या आधी उरकतं. मला फसवलं का?”

फसवलं असं म्हणता येणार नाही. खोक्यावर छापलेलं आत होतंच. विचारायला हवं होतं ते यानं विचारलं नाही, आणि दुकानदारानं आपणहून सांगितलं नाही.

भाच्याचं कार्ड जीटी ७३०, मित्राचं जीटीएक्स ७५० टीआय. दोन्ही एनव्हिडिया कंपनीच्या चिपांची आणि दोन्ही मॉडेलं २०१४ सालची. म्हणजे याच्या कार्डात नवं होतं ते फक्त खोकं आणि बिलावरची तारीख!

आता हे जीबी म्हणजे काय? आपल्याकडच्या केळीवाल्याला चटकन कळेल असं सांगतो. जीबी म्हणजे शेतातला हौद. हौद केवढाही बांधा, बागेला पाणी किती वेगानं पोचणार ते पाइपावर ठरतं. कार्डातला हा पाइप म्हणजे मेमरीची बँडविड्थ. भाच्याच्या कार्डाचा पाइप ६४ बिटांचा आणि मेमरी जुन्या डीडीआर-३ जातीची. कंपनीच्या तपशिलानुसार त्यातून सेकंदाला १४.४ गिगाबाइट माहिती जाते. ७५० टीआयचा पाइप १२८ बिटांचा, मेमरी जीडीडीआर-५, आणि आकडा ८६.४. बरोबर सहापट! शिवाय आकडेमोड करणारे मजूर, ज्यांना कोअर म्हणतात, ते इकडे ३८४ आणि तिकडे ६४०. मग हौद दुप्पट असून उपयोग काय?

गंमत पुढेच आहे. जीटी ७३० हे एक कार्ड नाहीच. त्याच नावाखाली तीन प्रकार निघाले. एकात ९६ कोअर आणि १२८ बिट, दुसऱ्यात ३८४ कोअर आणि ६४ बिट, आणि तिसऱ्यात ३८४ कोअर, पण मेमरी जीडीडीआर-५. नाव एक, अंगातलं बळ वेगळं. पुढे २०१७ साली जीटी १०३० आलं तेव्हा त्याची बँडविड्थ ४८ होती. दुसऱ्याच वर्षी त्याच नावानं डीडीआर-४ची आवृत्ती निघाली, ती १६.८ची. दुकानात फक्त नाव सांगून कार्ड मागणाऱ्याला यातलं कोणतं मिळेल, हे सांगणं कठीण.

ही तऱ्हा आजची नाही. २००१च्या जीफोर्स ३मध्ये प्रोग्रॅम करता येणारे शेडर होते. २००२ साली जीफोर्स ४ एमएक्स आलं, त्यात ते नव्हते. आकडा तीनाचा चार झाला आणि अंगातली विद्या एक इयत्ता मागे गेली. शेडर मागणारे खेळ त्या कार्डावर धड चालत नसत.

म्हणून मॉडेलचा आकडा फोडून वाचावा. ७३०मधला ७ म्हणजे पिढी, ३० म्हणजे त्या पिढीतली पायरी. ७५० त्याच पिढीच्या नावाचं, पण वरच्या पायरीचं. १६५० म्हणजे पुढची पिढी, पायरी तीच. हा ढोबळ नियम झाला. पण त्यानं निम्मा घोळ मिटतो.

भाच्याच्या धंद्यासाठी आणखी एक गोष्ट पाहायला हवी, आणि ती खोक्यावर सहसा नसतेच. तयार व्हिडिओ एक्सपोर्ट करताना तो दाबून लहान करणारा वेगळा भाग चिपमध्ये असतो, एन्कोडर. २०१४च्या ७५० टीआयमध्ये तो आहे. तीन वर्षांनी नव्या १०३०मध्ये तो नाही. नुसता टीव्हीसारखा सिनेमा पाहणाऱ्याला काही फरक पडणार नाही, लग्नवाल्याची मात्र रात्र जाईल.

मग जुनंच घ्यावं का? तसंही नाही. भाच्याचं कार्ड ज्या केप्लर पिढीचं आहे, तिला नेहमीचे नवे ड्रायव्हर मिळणं २०२१मध्ये थांबलं. ७५० टीआयची मॅक्सवेल पिढी ऑक्टोबर २०२५पर्यंत टिकली. त्यानंतर २०२८पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील असं कंपनीनं जाहीर केलं. म्हणजे सीलबंद कार्ड सेकंडहँडच्या आधी म्हातारं झालं.

शिवाय नुसते आकडे शेजारी ठेवूनही फसायला होतं. २०२१चं आरटीएक्स ३०६० घ्या. त्यात ३५८४ कोअर, १२ जीबी मेमरी, ३६० बँडविड्थ. २०२३च्या ४०६०मध्ये ३०७२ कोअर, ८ जीबी, २७२ बँडविड्थ. कागदावर नवं हरलं. पण त्याची घड्याळगती जास्त आणि चिपवरचा कॅश कितीतरी मोठा, त्यामुळे बहुतेक कामांत तेच पुढे जातं, आणि तेही १७०ऐवजी ११५ वॅटमध्ये. वेगळ्या पिढीचे कोअर एकास एक मोजायचे नसतात.

हा वॅटचा आकडा आपल्याकडे दुर्लक्षून चालणार नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे जातो आणि पत्र्याखालच्या स्टुडिओत पंखा गरमच हवा फेकतो. कार्ड फार तापलं की स्वतःच वेग कमी करतं. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. त्याच्या आतलं कार्ड असेल तर बहुधा वेगळी वायर लागत नाही आणि स्वस्तातल्या पॉवर सप्लायवर ताणही येत नाही.

शेवटी आम्ही दोघं बाजारात गेलो आणि वापरलेलं जीटीएक्स १६५० पाहिलं. २०१९चं मॉडेल, ८९६ कोअर, ४ जीबी, १२८ बँडविड्थ, ७५ वॅट, एन्कोडरसह. पैसे देण्याआधी दुकानातच संगणकाला लावून जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवला. जुन्या चिपला नवं नाव देऊन विकलेली कार्डं तो बऱ्याचदा ओळखतो. खेरीज अर्धा तास व्हिडिओ एक्सपोर्ट लावून पंख्याचा आवाज ऐकला. दुकानदार कंटाळला, पण त्यानं चहा पाजला.

पहिलं कार्ड कोणी परत घेईना. ते आता त्याच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या दाजींच्या खताच्या दुकानात बिलाच्या संगणकाला लावलंय. दोन पडदे जोडलेत. एकावर हिशेब, दुसऱ्यावर दाजी कापसाचे भाव पाहतात. त्या कामाला ४ जीबी भरपूर होतात.