नाळेवरचा नांगर

लहान मोटारबोटीचे यंत्र भर पाण्यात बंद पडले आणि वारा तिला खडकांकडे लोटू लागला, तर तिला थांबविणारे एकच साधन उरते, ते म्हणजे नांगर. हा नांगर दोरीच्या गुंत्याखाली पेटीत पडलेला असेल, तर मोलाची मिनिटे तेथेच जातात. शिवाय तो हाती घेऊन ओल्या, निमुळत्या नाळेवर वाकून उभे राहणे म्हणजे जिवाशी खेळच होय. म्हणून नाळेवर एक लाकडी फळी पुढे काढून तिच्या टोकाशी, रुळावर, नांगर बसवितात. इंग्रजीत या फळीला ‘पल्पिट’ म्हणतात. गोव्यातील जुन्या चर्चमध्ये भिंतीतून पुढे आलेले कोरीव लाकडी प्रवचनपीठ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या नावाचे मर्म सांगावयास नको.

या कामास सागवान उत्तम. त्याच्या अंगच्या तेलामुळे ते पाणी सोसते. मात्र त्याच तेलामुळे जोड नीट धरत नाही, म्हणून चिकटविण्यापूर्वी लाकूड ॲसिटोनने पुसून घ्यावे लागते. परंतु फळी कितीही सुबक झाली, तरी तिचे खरे बळ डेकच्या खाली असते. बाहेर आलेला भाग तरफेसारखा वागतो. लाटेने नाळ उचलली की टोक खाली ओढले जाते आणि मागचे बोल्ट वर उपटू पाहतात. म्हणून बाहेरच्या भागापेक्षा डेकवरचा भाग पुष्कळ लांब हवा. बोल्ट आरपार हवेत आणि खालून जाड फळीचा आधार हवा. नुसत्या स्क्रूंवर भिस्त ठेवू नये. दोरीही रुळाच्या भरवशावर न सोडता डेकवरील भक्कम खुंट्याला बांधावी.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. अनेक फायबरग्लास बोटींच्या डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा किंवा प्लायवुड असते. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपले, की ते आतल्या आत कुजते. यासाठी भोक प्रथम मोठे पाडून इपॉक्सीने भरावे आणि ते घट्ट झाल्यावर त्यातूनच बोल्टचे भोक पाडावे.

मराठीत शेतातल्या आणि जहाजावरच्या नांगराला शब्द एकच आहे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जेफ्री इन्ग्रॅम टेलर यांनी १९३३ साली खरोखरच फाळाच्या आकाराचा जहाजी नांगर तयार केला. ओढ बसताच तो तळात रुतत जातो. मात्र ही ओढ शक्य तितकी आडवी हवी. त्यासाठी पाण्याची खोली व नाळेची उंची यांच्या बेरजेच्या सुमारे सातपट दोरी सोडतात. भरतीचे पाणी ३ मीटर आणि नाळ १ मीटर उंच असेल, तर दोरी २८ मीटर लागेल.

बोट धावत असताना नांगर खिळीने अडकवून ठेवावा. तो अवचित सुटला तर बोटीलाच फोडील. आणि काम पुरे झाल्यावर शांत पाण्यात एकदा नांगर टाकून यंत्र हळूहळू उलटे चालवावे, त्या वेळी एकाने डेकखाली शिरून बोल्टवर नजर ठेवावी. तेथे काही हलले, तर ते त्या दिवशी कळलेलेच बरे.