एक कृत्य, दोन अपराध
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मंडळाने चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शिक्षणाविषयी बोलावे असे प्रथम मनात आले. परंतु गतवर्षीची एक गोष्ट मनातून जाईना. आपल्याच ज्ञातीतील एक तरुण लग्नाच्या मेजवानीनंतर मद्याच्या धुंदीत मोटार घेऊन भरधाव निघाला आणि पहाटे त्याने ती एका भाजीवाल्याच्या हातगाडीवर घातली. भाजीवाल्याचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील आमच्या दारी आले. म्हणाले, "गुरुजी, चूक एकच, पण पोलिसांनी दारूचे एक कलम लावले आणि बेदरकारपणाचे दुसरे. हा कुठला न्याय? मंडळाच्या शिक्क्याचे पत्र द्या." मुलगा आमचा विद्यार्थी. आम्ही एका दिवसाची मुदत मागितली.

आम्ही वकील नव्हे. मॅट्रिक झालेले शिक्षक. तरी कायदा वाचता येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम चालकाच्या शरीराची अवस्था पाहते. श्वासयंत्राच्या तपासणीत शंभर मिलिलिटर रक्तामागे तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की अपराध झाला; मग गाडी कितीही जपून हाकलेली असो. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. १८४ वे कलम पाहते ते हाकण्याची रीत. वेग व रहदारी ध्यानी घेता ती लोकांस धोकादायक असेल, तर निर्व्यसनी चालकाचीही सुटका नाही. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी हाकणे हा भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमाखालीही अपराध आहे.

शाळेची घंटा झाल्यावर एखादा मुलगा धावत वर्गात शिरला आणि दाराशी बसलेल्यास त्याने पाडले, तर उशिराचा जाब निराळा आणि धक्क्याचा निराळा. धाव मात्र एकच!

मग ही दुहेरी शिक्षा नव्हे काय? १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे २६ वे कलम सांगते की, एकाच कृत्याबद्दल दोन कायद्यांखाली खटला चालू शकतो; परंतु त्याच अपराधाची शिक्षा दोनदा देता येत नाही. मोटार कायद्यामुळे दंड संहितेखालील खटल्यास बाध येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले. म्हणजे पित्याची भीती अगदीच निराधार नव्हती. पण तिचा बंदोबस्त कायद्यानेच करून ठेवला आहे.

दोन्ही अपराध निराळे असले, तरी एकाचा पुरावा दुसऱ्यास जड करतो. १२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर निजलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात जण दगावले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्यार्क सापडला. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिन्यांची कैद दिली. मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध ठरवून ती तीन वर्षे केली. बेदरकारपणा आणि परिणामांची जाणीव हे आरोप एकत्र नांदू शकत नाहीत, असा बचाव सर्वोच्च न्यायालयापुढे झाला. न्यायालयाने तो मानला नाही आणि २०१२ साली शिक्षा कायम केली. आपण होऊन मद्य घेणाऱ्यास "मला शुद्ध नव्हती" असे म्हणण्याची सवलत नाही. शुद्धीतील माणसास जे ज्ञान असते, तेच त्यालाही होते असे कायदा धरून चालतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पित्यास हे सारे समजावून सांगितले आणि पत्र देता येणार नाही असे कळविले. ते रागावून गेले. सायंकाळी आम्ही रुग्णालयात भाजीवाल्यास पाहावयास गेलो, तो तेच गृहस्थ त्याच्या खाटेशी बसलेले! हातात औषधांची चिठ्ठी होती. आम्ही काही बोललो नाही. त्यांनीही मान वर केली नाही.

बंधूंनो, चूक करणारा आपला म्हणून शिक्का उचलावयाचा, तर ज्याचा पाय मोडला तो कोणाचा? मंडळाचा शिक्का विद्यार्थ्यांच्या शिफारशीसाठी आहे, तो त्याच कामी राहो. आणि ज्या घरी कार्य असेल, त्या यजमानांनी पंगतीइतकीच पाहुण्यांच्या परतीचीही चिंता वाहावी. मद्य घेतलेल्याच्या हातून गाडीची किल्ली काढून घेणे हा अपमान नव्हे. ते वडीलकीचे कर्तव्य आहे.