पाळी लांबविणाऱ्या गोळ्या



श्रावण सरत आला कीं माधवनगर, बुधगांव, सांगली ह्या टापूंत घरोघरीं गौरी-गणपतीची तयारी सुरू होते, आणि त्याच सुमारास औषधांच्या दुकानांत हलक्या आवाजांत एक मागणी होते : "पाळी पुढें जाण्याच्या गोळ्या द्या." आषाढीच्या वारीपूर्वीं आणि लग्नसराईंतहि हेंच घडतें. पाळींत देवकार्य करावें कीं न करावें, हा प्रश्न जिनें तिनें आपल्या मनाशीं सोडवावा. मला सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, ही गोळी वाटते तितकी साधी नाहीं.

स्त्रीच्या बीजकोशांतून दरमहा बीज सुटल्यावर तेथें एक पिवळा पिंड तयार होतो. त्यापासून प्रोजेस्टेरॉन नांवाचें संप्रेरक निर्माण होतें. कॉर्नर व ॲलन ह्या अमेरिकन संशोधकांनीं १९२९ सालीं त्याचें कार्य दाखवून दिलें. गर्भाशयाचें अस्तर टिकवून धरणें हें त्याचें काम. गर्भ न राहिल्यास तें ओसरतें, अस्तर सुटतें आणि पाळी येते. दुकानांतील गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉन ह्या त्याच जातीच्या कृत्रिम द्रव्याची असते. तें १९५१ सालीं मेक्सिकोंत तयार झालें. गोळी चालू असेतों अस्तर टिकतें. ती थांबविल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते.

ह्यासाठीं डॉक्टर सामान्यतः ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसांतून तीन वेळां, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधींपासून देतात. संततिनियमनाच्या एका प्रकारच्या गोळींत हेंच द्रव्य दिवसाला अवघें ०.३५ मिलिग्रॅम असतें. म्हणजे येथें मात्रा चाळीसपटींहून अधिक झाली! एवढ्या मात्रेंतील थोडा अंश शरीरांत इस्ट्रोजेन-जातीच्या द्रव्यांत पालटतो, आणि शिरेंत रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. असें क्वचितच घडतें. परंतु पायांतील गुठळी सुटून फुप्फुसांत गेली तर प्राणावर बेततें. यात्रेच्या गाडींत तासन्‌तास एका जागीं बसणें हेंहि त्यास पोषकच.

म्हणून जिला किंवा जिच्या जवळच्या नात्यांत कोणास पूर्वीं गुठळी झाली आहे, जिला यकृताचा विकार वा स्तनाचा कर्करोग आहे, जिला अवेळीं रक्तस्राव होतो, किंवा दिवस राहिल्याची शंका आहे, तिनें ही गोळी आपल्या मनानें मुळींच घेऊं नये. फार स्थूल असणें, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असणें, क्षयाचीं वा फेंफऱ्याचीं औषधें चालू असणें, हेंहि डॉक्टरांस न लपवितां सांगावें. शिवाय ह्या गोळ्यांनीं गर्भधारणा टळेल अशा भरंवशावर राहूं नये.

गोळ्या चालू असतां एका पायाची पोटरी सुजून दुखूं लागली, एकाएकीं धाप लागली, छातींत कळ आली, अथवा तीव्र डोकेदुखी होऊन दृष्टि अंधुक झाली, तर पुढची गोळी घेऊं नये व तत्काळ रुग्णालय गांठावें. तेथें पोहोंचतांच गोळीचें नांव सांगावें. संकोचानें तें दडविल्यास निदानास उशीर होतो.

ह्याचा अर्थ प्रोजेस्टेरॉन वाईट, असा मात्र कोणी करूं नये. कांहीं गर्भवतींस व पाळी गेलेल्या कांहीं स्त्रियांस तें डॉक्टर विचारपूर्वक देतात. तें ऐकीव गोष्टींवरून बंद करूं नये. त्याच्या तोंडानें घ्यावयाच्या कॅप्सूलनें गुंगी येते, म्हणून ती रात्रीं निजतांना घेतात. कांहीं कॅप्सूलांत शेंगदाण्याचें तेल असतें. शेंगदाणा ज्यांना बाधतो त्यांनीं तें आधीं विचारून घ्यावें.

सणाची तारीख पंचांगांत वर्षभर आधीं छापलेली असते. तेव्हां घाईचें निमित्त कोणासच सांगतां येणार नाहीं. महिनाभर आधीं डॉक्टरांकडे जावें, रक्तदाब तपासून घ्यावा आणि चिठ्ठी घेऊनच दुकानांत जावें. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊं नयेत. आणि घरांतील वडीलधाऱ्यांस माझी विनंती आहे कीं, सुनेच्या किंवा लेकीच्या हातावर ही गोळी ठेवण्यापूर्वीं तिला ती हवी आहे काय आणि सोसेल काय, हें आधीं विचारावें.