सीडीवर नाव घालताना

रेकॉर्डेबल सीडीची खालची चकाकती बाजू जिवापाड जपायची आणि वरच्या बाजूवर हवे ते लिहायचे, असा सर्रास रिवाज आहे. सीडीची घडण मात्र याच्या उलट सांगते. तिच्या १.२ मिलिमीटर जाडीपैकी जवळजवळ सगळी जाडी खालच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची असते. त्यावर रंगद्रव्याचा थर, त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा परावर्तक थर आणि सर्वांत वर लॅकरचा पातळ लेप. माहिती साठते ती रंगद्रव्यात, म्हणजे नाव घालायच्या बाजूला अगदी लागून.

खालच्या प्लॅस्टिकवर बारीक चरा पडला तरी बहुतेक वेळा सीडी चालते; लेसरचा झोत त्या पृष्ठभागावर एकवटलेला नसतो आणि किरकोळ चुका दुरुस्त करण्याची सोय सांकेतिक रचनेतच असते. वरचा चरा लॅकर भेदून धातूपर्यंत गेला, तर तेवढा परावर्तक थर कायमचा जातो. अशी सीडी दिव्यासमोर धरली की खरवडलेल्या जागेतून उजेड आरपार दिसतो.

म्हणून बॉलपेन आणि पेन्सिल वर्ज्य. शाई उमटली नाही की हात आपोआप दाबून गिरवतो आणि टोकाचा दाब लॅकरखालच्या थरांवर वळ उठवतो. मऊ टोकाचा, पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा फेल्ट पेन सर्वांत सुरक्षित. अल्कोहोलयुक्त शाईचा धोका थोडा, पण झायलीन किंवा टोल्युइन असलेल्या उग्र वासाच्या मार्करची द्रावके लॅकरमध्ये झिरपू शकतात. लिहिण्याची उत्तम जागा म्हणजे मधल्या भोकाभोवतीचे पारदर्शक कडे. तिथे ना धातू असतो, ना माहिती. जागा अपुरी असल्याने तिथे फक्त क्रमांक आणि तारीख घालावी. लग्नाचे चित्रीकरण, गायनाची मैफल, कार्यालयीन दप्तर असा तपशील डबीतल्या कागदावर आणि वहीत त्याच क्रमांकापुढे नोंदवावा.

चिकटपट्टीची कागदी लेबले दिसायला नीटनेटकी, पण घातक. ५२ एक्स वेगाच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते. लेबल किंचित एका बाजूला सरकलेले असले तरी तोल बिघडून ती थरथरते. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आकसतो आणि सीडीला बाक येऊ शकतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने २००३ साली काढलेल्या मार्गदर्शिकेतही दीर्घकाळ जपायच्या सीडी-डीव्हीडींवर लेबल चिकटवू नये असेच सुचवले आहे. आधीच चिकटलेले लेबल मात्र सोलू नये, कारण त्याबरोबर लॅकर आणि धातूही निघून येतो. सीडी वाचता येते तोवर तिची नक्कल करून घ्यावी.

सुबक छपाई हवी असल्यास पांढऱ्या लेपाच्या, ‘इंकजेट प्रिंटेबल’ सीडी मिळतात. छापल्यावर त्या पूर्ण वाळू द्याव्यात आणि ओल्या हातांनी हाताळू नयेत. लाइटस्क्राइब पद्धतीत सीडी उलटी घालून लेसरनेच विशेष लेपावर अक्षरे उमटवली जात. मात्र उजेडात ती फिकी पडत.

डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या जोडलेल्या असून माहिती त्यांच्या मध्ये असते. त्यामुळे शाईचा धोका कमी, पण बाक तिला सीडीपेक्षा कमी सोसतो. तेव्हा कागदी लेबल इथे आणखी वाईट. ब्लू-रेमध्ये माहिती वाचन-बाजूपासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असते, म्हणजे तिथे खालची बाजूच खरी नाजूक. तोलाचा प्रश्न मात्र तिथेही असल्याने कागद टाळावाच.

बाहेरच्या नावाला आतल्या नावाची जोड द्यावी. आयएसओ ९६६० या मानकानुसार डिस्कला ३२ अक्षरांपर्यंतचे नाव देता येते. त्यात रोमन मोठी अक्षरे, अंक आणि अधोरेषा चालतात. वहीतला क्रमांकच तिथे घातला, तर शाई पुसली गेली तरी संगणकात घालताच डिस्कची ओळख पटते.