समाधान कोठें असावें?

सुशिक्षित कुटुंबांतल्या मुलाला दोन उपदेश एकाच तोंडून ऐकावे लागतात. तो अभ्यासाला बसला कीं वडील माणसें सांगतात, ‘मोठा हो, नांव काढ, थोडक्यावर संतुष्ट राहूं नकोस.’ तोच मुलगा पुढें मिळवता झाला आणि शेजाऱ्याचें वैभव पाहून हळहळूं लागला कीं तींच माणसें सांगतात, ‘अंथरूण पाहून पाय पसरावे.’ दोन्ही उपदेश हितबुद्धीनेंच केलेले असतात. पण त्यांचा मेळ कसा घालावयाचा हें सहसा कोणी सांगत नाहीं. बहुतेक लोक मग दोहोंची निम्मीनिम्मी वांटणी करतात. थोडीशी महत्त्वाकांक्षा आणि थोडेंसें समाधान एकत्र कालवून ते संसार चालवितात. आणि त्या मिश्रणानें ना हातून मोठें काम होतें, ना रात्रीं स्वस्थ झोंप लागते.

या कोड्याचें एक उत्तर पुण्यामध्यें प्रत्यक्ष आचरणांत आणून पाहिलेलें आहे. १८८४ सालीं तेथें डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. संस्थेच्या आजीव सभासदांनीं वीस वर्षें दरमहा ७५ रुपयांवर काम करावें, असा तिचा दंडक होता. ज्यांनीं हें व्रत पत्करलें त्यांना सरकारी नोकरीचीं दारें मोकळीं होतीं. एम्. ए. होण्यापूर्वीं ज्यांनीं अंगावरचा एकुलता एक सदरा रात्रीं धुऊन दिवसा वापरला, त्या गोपाळ गणेश आगरकरांनीं आपल्या आईला आधींच कळविलें होतें कीं, मुलगा मोठ्या पगाराची जागा धरील ही आशा तिनें ठेवूं नये. पोटापुरतें घ्यावयाचें आणि बाकीचें आयुष्य लोकांच्या कामीं लावावयाचें, असा तो संकल्प होता.

तथापि ‘पोटापुरतें’ म्हणजे किती, आणि उरलेला वेळ व त्यांतून होणारी प्राप्ति कोणाची, हे प्रश्न अशा माणसांमध्येंहि सुटले नाहींत. सभासदांनीं बाहेरचीं कामें घ्यावीं कीं नाहीं यावरून संस्थेंत तीव्र मतभेद झाले, आणि १८९० सालीं बाळ गंगाधर टिळकांनीं राजीनामा दिला. ज्यांनीं आपण होऊन गरिबी पत्करली, त्यांनाहि समाधानाची सीमारेषा आंखणें अवघड गेलें. मग सामान्य गृहस्थाला तें अवघड वाटलें तर नवल नाहीं.

टिळकांच्या जाण्यानें गणिताच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या निमंत्रणावरून १८९१ सालीं फर्ग्युसन कॉलेजांत त्या जागेवर आले ते धोंडो केशव कर्वे. कोंकणांतल्या मुरुडचा हा मुलगा सतराव्या वर्षीं परीक्षेसाठीं सह्याद्रि ओलांडून शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्यास गेला होता, आणि वय लहान दिसतें म्हणून परीक्षेला न बसतांच त्याला परतावें लागलें होतें. चालावयाचें, नकार ऐकावयाचा आणि पुन्हां चालावयाचें, ही संवय त्याला तेव्हांपासून जडली असावी.

१८९३ सालीं कर्व्यांनीं विधवेशीं विवाह केला. त्याबद्दल मुरुडच्या समाजानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०० सालीं पुण्याबाहेर चार मैलांवर हिंगण्यास, आज ज्याला कर्वेनगर म्हणतात तेथें, आश्रमासाठीं एक झोंपडी उभारली. कॉलेजांतलें दिवसाचें काम आटोपलें कीं ते पायीं हिंगण्याची वाट धरीत. मोठी इमारत बांधण्याइतका पैसा जमेपर्यंत काम थांबवावें, असें त्यांना वाटलें नाहीं. जी जागा मिळाली ती पुरेशी मानली आणि दुसऱ्या दिवसापासून शिकविण्यास आरंभ केला.

समाधानाचा हा उपयोग नीट ध्यानांत घेण्यासारखा आहे. समाधान म्हणजे स्वप्नाचा शेवट, अशी सर्वसाधारण समजूत असते. येथें तें स्वप्नाचें भांडवल झालें. ज्याला झोंपडी चालत नाहीं, तो वाड्याची वाट पाहत राहतो. आणि वाट पाहण्यांत आयुष्याचीं चांगलीं वर्षें निघून जातात. ज्याला झोंपडी चालते, पण झोंपडी म्हणजेच सर्वस्व असें जो मानीत नाहीं, त्याचेंच काम वाढतें.

१९१५ मध्यें जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांनीं वाचली, आणि त्याच वर्षींच्या सामाजिक परिषदेंत अध्यक्षस्थानावरून त्यांनीं तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ सालीं विद्यापीठ सुरूहि झालें. कॉलेजच्या पहिल्या वर्गांतील विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजतां येण्याजोग्या होत्या. नांव विद्यापीठाचें आणि वर्ग असा! पण कर्व्यांनीं संख्या थोडी म्हणून नांव लहान केलें नाहीं, आणि नांव मोठें म्हणून त्या थोड्या मुलींना कमी लेखलें नाहीं. चार वर्षांनीं, १९२० मध्यें, सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं आपल्या मातोश्रींच्या नांवें पंधरा लाखांची देणगी देऊं केली. साडेतीन टक्के दरानें तिचें वार्षिक उत्पन्न ५२,५०० रुपये होतें. एवढी रक्कम संस्थेकडे आल्यावर संस्थापकाच्या राहणींत फरक पडला असता तर लोकांनीं त्याला नांवें ठेवलीं नसती. तो पडला नाहीं. पुढें १९३६ सालीं, अठ्याहत्तराव्या वर्षीं, हेच गृहस्थ शाळा नसलेल्या खेड्यांसाठीं लहानसहान वर्गणी गोळा करूं लागले. लाखांचें दान पाहिलेल्या हाताला आण्यांची लाज वाटली नाहीं.

यावरून एक गोष्ट दिसते. समाधान आणि स्वप्न यांच्या जमाखर्चाच्या वह्याच वेगळ्या आहेत. जगाकडून आपण काय घेतों, त्या वहींत समाधान असावें. जगाला आपण काय देतों, त्या वहींत असमाधान असावें. सामान्यतः या वह्यांची अदलाबदल होते. पगार, घर, मान यांविषयीं माणूस अतृप्त असतो, आणि स्वतःच्या कामाविषयीं मात्र ‘एवढें पुष्कळ झालें’ असें म्हणून मोकळा होतो. दुःखाचें मूळ महत्त्वाकांक्षेंत नसून या अदलाबदलींत असतें.

परंतु हें चित्र येथेंच पुरें करणें खरेपणाचें होणार नाहीं. कर्व्यांनीं आपल्या आयुर्विम्याची पॉलिसीहि आश्रमाच्या नांवें केली, तेव्हां ती रक्कम एकट्याची नव्हती. पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांनीं आपल्या आत्मचरित्रांत संसाराच्या ओढाताणीचें वर्णन आडपडदा न ठेवतां केलें आहे. त्यांनीं स्वतः आश्रमासाठीं वर्गणी जमविली, कष्ट उपसले. म्हणूनच त्यांच्या तक्रारीला वजन आहे. समाधान ही ज्याची त्यानें पत्करावयाची वस्तु आहे. ती दुसऱ्याच्या वतीनें पत्करतां येत नाहीं. ध्येयवादी पुरुषाचें समाधान पुष्कळदां स्वयंपाकघरांतल्या रिकाम्या डब्यांतून वसूल होतें, आणि तो हिशेब कोणत्याहि संस्थेच्या अहवालांत छापला जात नाहीं.

म्हणून ज्याला मोठें स्वप्न पाहावयाचें असेल त्यानें आधीं घरांत बसून बोलावें. आपल्याला किती पुरेल, हें घरांतल्या सर्वांनीं मिळून ठरवावें. तो आंकडा एकदां ठरला म्हणजे शेजाऱ्याचें वैभव टोंचत नाहीं. आणि त्यापुढचा वेळ, बुद्धि व पैसा स्वप्नासाठीं मोकळा होतो. असा आंकडा ज्या घरानें ठरविला नाहीं, त्याला कितीहि मिळालें तरी अपुरेंच पडतें, आणि त्या घरांतलें स्वप्न पुढच्या पगारवाढीची वाट पाहत म्हातारें होतें.

१९५८ सालीं कर्व्यांचीं शंभर वर्षें पूर्ण झालीं आणि त्याच सालीं त्यांना भारतरत्न ही पदवी मिळाली. १९६२ मध्यें, एकशेंचाराव्या वर्षानंतर, ते निवर्तले. हिंगण्याच्या झोंपडींत त्यांनीं शिकवावयास सुरुवात केली तेव्हां यांतलें कांहींहि दिसत नव्हतें. दिसत होती ती समोर बसलेली विद्यार्थिनी. आणि त्या दिवसापुरती ती पुरेशी होती.