जवान येईपर्यंत



परवा सिपना नदीच्या काठी आम्ही बसलो होतो. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "पूर आला, डोंगर खचला, तं मिलिटरी कवा येईन?" प्रश्न मोठा चांगला. आज त्याबद्दलच बोलू.

मिलिटरीचे पहिले काम सीमेवर. पण गावावर मोठे संकट आले, की सरकार तिलाही बोलावते. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीची जड घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. तेव्हा जवानांनी ढिगारे उपसले, प्रेते काढली, जखमींना दवाखान्यात पोचवले.

पण दर वेळी सीमेवरची माणसे कोठवर बोलवायची? म्हणून 2006 साली संकटासाठीच वेगळे दल उभे राहिले. त्याला एनडीआरएफ म्हणतात. त्यांच्याजवळ रबरी होड्या असतात, काँक्रीट कापायची यंत्रे असतात, ढिगाऱ्याखालचा माणूस हुंगून काढणारे कुत्रेही असतात. आपल्या बाजूची त्यांची पलटण पुण्याजवळ आहे. राज्याचेही तसे दल नागपूरला आहे.

मग अडते कोठे? वाटेत अडते. रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची डोंगरावरची वाडी. 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड आली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. जवान पावसातून, चिखलातून पायी चढले. चढताना अग्निशमन दलाचा एक माणूस वाटेतच गेला. मोठे यंत्र वर नेता येईना. ढगांमुळे हेलिकॉप्टर उडेना. शेवटी कुदळफावड्यांनीच माती उपसली. 27 प्रेते मिळाली. 57 माणसे मिळालीच नाहीत.

त्याआधी, 30 जुलै 2014 ला, पुणे जिल्ह्यात माळीण गाव असेच गाडले गेले. बातमी बाहेर कोणी नेली? एस.टी.च्या ड्रायव्हरने! तो सकाळी गाडी घेऊन आला, तर गावच दिसेना.

आता आपले सेमाडोह पाहा. परतवाडा सोडले की घाट आणि जंगल. रस्त्यावर एक झाड आडवे पडले तरी गाडी थांबते. म्हणून बाबांना आम्ही खरे तेच सांगितले, "येतील, पण वेळ लागेल." तोवर गावाचेच हात.

पहिले काम बातमीचे. 112 नंबर फिरवा. फोन लागत नसेल तर पोलीस किंवा वनखात्याची चौकी गाठा, तेथून वायरलेसने कळवता येते. वाट कोठवर चालू आहे, तेही सांगा.

दुसरे काम वहीचे. इर्शाळवाडीची काही पोरे आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. मातीखाली किती आणि बाहेर किती, हे कळल्याशिवाय जवान खणणार कोठे? आता तुम्हांला लिहिता येते. घरागणिक नावे लिहा. कोण म्हातारे, कोण गरोदर, कोणते पोर शाळेत राहते, कोण कामाला बाहेरगावी गेले, सारे लिहा. पावसाळ्याआधी पुन्हा पाहून घ्या.

आणि वही उंचावरच्या घरी ठेवा. नदीकाठी ठेवली, तर पुरात आधी तीच भिजेल.