ब्रेक लावतांच गाडी कां थरथरते?

इंदूरहून धुळ्यास निघालेले एक गृहस्थ सहकुटुंब बिजासन घाट उतरले, पळासनेर व शिरपूर मागें टाकून त्यांनीं तापी ओलांडली आणि नरडाण्याजवळ ते सपाट रस्त्याला लागले. येथवर गाडीची कांहीं तक्रार नव्हती. इतक्यांत कापसानें भरलेला एक ट्रॅक्टर आडवा आला. गृहस्थांनीं ब्रेक दाबला, तोंच हातांतील स्टिअरिंग हिंवताप भरल्यासारखें थरथरूं लागलें. “अहो, टायर तर गेला नाहीं ना?” पत्नीनें घाबरून विचारलें. टायर शाबूत होता. ब्रेकवरील पाय काढतांच थरथर थांबली.

रोगाचें पहिलें लक्षण हेंच होय. थरथर सदैव असेल, तर दोष चाकाच्या तोलांत किंवा टायरांत शोधावा. ती ब्रेक लावतांच होत असेल, तर ब्रेकांत.

रस्त्याकडेच्या गॅरेजांतील वयस्क मिस्त्रीनें पान्हा उचलण्यापूर्वीं विचारलें, “साहेब, थरथर हाताला लागते कीं बैठकीला?” प्रश्न मार्मिक होता. स्टिअरिंग थरथरलें तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. बैठक थरथरली तर मागच्या. “गाडी एका अंगाला ओढते काय? एखादेंच चाक फार तापतें काय?” तसें असतें, तर कॅलिपर अडकल्याचा संशय घ्यावा लागला असता. ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरानें दाबतां पावलाखालीं जी टकटक होते, ती मात्र रोग नव्हे, ए.बी.एस. यंत्रणा आपलें काम करीत असल्याची ती खूण आहे.

गृहस्थ वैतागून म्हणाले, “मिस्त्री, वर्षापूर्वीं हेंच दुखणें झालें म्हणून दोन्ही डिस्क नव्या बसविल्या. पैसे गेले, दुखणें परत आलें!”

“मग अपराध डिस्कचा नसेल,” मिस्त्री म्हणाला. “तिला बिघडविणारा दुसराच कोणी असेल.”

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची चकती. ब्रेक दाबला कीं दोहों बाजूंचे पॅड तिला चिमटींत धरतात. इंग्लंडांतील फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें, आणि १९५३ सालीं ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वार गाडीनें असल्याच ब्रेकांवर जिंकल्यापासून तिची कीर्ति झाली. चकतीवर पडणारा भार सामान्य नव्हे. १००० किलो वजनाची गाडी ताशीं ८० किलोमीटर वेगावरून एकदां थांबविली, तर जी उष्णता निघते तिच्यावर पाऊण लिटर गार पाणी जवळजवळ उकळीला येईल. घाटांत हा प्रसंग पुनःपुन्हां येतो.

“डिस्क वांकली” असें सर्रास म्हटलें जातें. परंतु बहुधा ती वांकलेली नसते, तिची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसते. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले, तर त्यांतील दोनतीन भागांचा फरकहि पुरतो; माणसाचा केस याहून जाड असतो! ताशीं ८० च्या वेगांत चाक सेकंदाला सुमारें बारा फेरे घेतें. प्रत्येक फेर्‍यांत जाड भाग पॅडला ढकलतो, आणि तोच धक्का हाताला जाणवतो.

हा फरक येतो कोठून? मिस्त्रीनें चाक काढून डिस्कवर डायल गेज लावलें. सुई डोलूं लागली. डिस्क उतरवितांच तिच्यामागें हबवर गंजाची एक खपली आढळली. नवी डिस्क हब साफ न करतांच बसविली होती! त्यामुळें ती किंचित् तिरपी फिरे, ब्रेक न लावतांहि एके ठिकाणीं पॅडला घासे, आणि कांहीं हजार किलोमीटरांत तेथें झिजे. चाकाचे नट कमीअधिक आवळल्यानेंहि असाच तिरपेपणा येतो. दुसरें कारण तापलेल्या ब्रेकांचें: घाट उतरून गाडी उभी केल्यावर ब्रेक दाबून धरला, तर पॅडचा थर त्याच जागीं डिस्कला चिकटतो.

मिस्त्रीनें तारेच्या ब्रशानें हब लख्ख केला, डिस्क बसवून पुन्हां सुई पाहिली. ती आतां स्थिर होती. नट त्यानें समोरासमोरच्या क्रमानें, टॉर्क पान्ह्यानें सारखे आवळले. मायक्रोमीटरनें जाडी आठ ठिकाणीं मोजली. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीहून ती पुष्कळ अधिक होती. “धुळ्यास लेथवर हलकी घासून घ्या,” तो म्हणाला. “नवी घ्यावयास नको. किमान जाडीखालीं जात असती, तर मात्र बदलावीच लागली असती. तोंवर गाडी सावकाश न्या. घासल्यावर आठदहा वेळां वेग बेतानें कमी करा, पण गाडी पुरती थांबवूं नका. पॅड नीट बसतील.”

निघतांना त्यानें घाटाचीहि गोष्ट काढली. ४ जुलै २०२३ रोजीं पळासनेर येथें एक कंटेनर वाहनांवर व हॉटेलावर आदळून अनेकांचे प्राण गेले; त्याचे ब्रेक निकामी झाल्याचें सांगण्यांत आलें. थरथर म्हणजे ब्रेक निकामी होणें नव्हे. पण तापलेल्या ब्रेकांवर विसंबणें दोहोंकडे घातकच. म्हणून घाट खालच्या गिअरांत उतरावा, ब्रेक सतत चेपून न धरतां थांबून थांबून लावावा, आणि खालीं आल्यावर थोडें अंतर सावकाश चालून ब्रेक निवूं द्यावेत. पायाखालचा ब्रेक मऊ पडून खालीं जाऊं लागला किंवा गाडी एकीकडे ओढूं लागली, तर पुढें एक पाऊलहि जाऊं नये.

गृहस्थांनीं मजुरी दिली. ती नव्या डिस्कच्या किमतीच्या मानानें फार थोडी होती. पुढच्या वेळीं डिस्क बदलण्याचा सल्ला देणार्‍याला आधीं काय विचारावयाचें, हें आतां त्यांना ठाऊक झालें होतें: “हब साफ करून सुई लावून पाहिली काय?”